धबधबा भरतो तेव्हा हत्ती पांगलेले असतात

आफ्रिकेच्या दक्षिण भागात मुलांना घेऊन जाण्याविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : व्हिक्टोरिया धबधबा आणि बोत्स्वानातलं चोबे राष्ट्रीय उद्यान एकाच सहलीत करायचं आहे. मे महिन्यात जावं की दिवाळीच्या सुट्टीत? एजंट म्हणतात, 'बारा महिने छान असतं.'

बारा महिने काही ना काही छान असतं, पण सगळं एकाच महिन्यात नसतं. या भागातली सहल पाणी कुठे आहे यावर ठरते. त्यामुळे आधी पाण्याचं वेळापत्रक समजून घ्या.

झांबेझी नदीच्या पाणलोटात पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च पडतो. वरच्या अंगाला बारोत्सेच्या सपाट मैदानात नदी पसरते आणि तिथून सावकाश खाली येते. म्हणून धबधब्याला सर्वांत जास्त पाणी पाऊस थांबल्यावर, एप्रिलच्या सुमारास असतं, आणि सर्वांत कमी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. या दोन टोकांत साधारण दहापट फरक पडतो. धबधबा सुमारे १,७०० मीटर रुंद आणि १०८ मीटर उंच आहे. पाणी कमी झालं की झांबियाच्या बाजूचा बराचसा भाग कोरडा पडतो आणि समोर काळा कातळ दिसतो. झिंबाब्वेच्या बाजूचा मुख्य प्रवाह आणि डेव्हिल्स कॅटरॅक्ट नावाचा धबधब्याचा भाग मात्र वर्षभर वाहतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जाणाऱ्याने झिंबाब्वेची बाजू पाहिली नाही तर पैसे वाया गेलेच म्हणून समजा.

जनावरांचं गणित याच्या उलट आहे. पाऊस झाल्यावर जंगलातले डबके-तळी भरलेली असतात. तेव्हा हत्तींना नदीवर यायची गरज नसते आणि कळप आत पांगतात. तिथल्या हिवाळाभर, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, ही तळी आटत जातात. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये चोबे नदीशिवाय पाणी उरत नाही, आणि मग दुपारनंतर नदीकाठी हत्तींची रीघ लागते.

मे महिन्यात धबधबा अजून भरभरून असतो. इतका, की समोर उभं राहून काही ठिकाणी पांढऱ्या तुषारांपलीकडे काहीच दिसत नाही. सगळे चिंब भिजतात. मोबाइलसाठी जलरोधक पिशवी, मुलांसाठी कोरड्या कपड्यांचा जोड आणि सुकायला वेळ लागणार नाही असे बूट, एवढं जवळ हवं. पौर्णिमेच्या आसपास रात्री उद्यान खास उघडतात. भरल्या पाण्याच्या काळात तिथे चंद्रप्रकाशातलं इंद्रधनुष्य दिसतं, तेव्हा तारखा पौर्णिमेला जुळत असतील तर जरूर जुळवा. चोबेत मे महिन्यात हत्ती दिसतात, पण ऑक्टोबरसारखी गर्दी नसते. हवा मात्र सुखाची असते.

दिवाळीच्या सुमारास हत्ती भरपूर, पण पारा चाळिशीला टेकतो. पहिला जोरदार पाऊस झाला की कळप आठवडाभरात पांगूही शकतात. म्हणून ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबरचा मध्य यांत बराच फरक पडतो.

आमचा कल असा : मुलं आठ वर्षांच्या आतली असतील तर मे, बारा-तेरांच्या पुढची आणि उन्हाला कणखर असतील तर ऑक्टोबर. शाळेतून रजा मिळण्यासारखी असेल तर जूनची अखेर ते जुलै हा सर्वांत चांगला तोडगा. धबधब्याला पुरेसं पाणी असतं, तुषार थोडे विरळ झालेले असतात आणि जनावरं नदीकडे सरकू लागलेली असतात.

बोत्स्वानातल्या ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशाचा विचार असेल तर तिथे हिशेब आणखी निराळा. अंगोलाच्या डोंगरांत पडलेला पाऊस जवळजवळ सपाट जमिनीवरून महिनोन् महिने सरकत येतो. पूर मार्च-एप्रिलमध्ये त्रिभुज प्रदेशाच्या वरच्या टोकाशी आणि जून-जुलैच्या सुमारास खालच्या टोकाच्या माऊन गावापर्यंत पोहोचतो. म्हणजे आजूबाजूला एक थेंब पाऊस नसताना तिथे पूर असतो. मोकोरो, म्हणजे उभं राहून लांब काठीने ढकलायची अरुंद होडी, हे ज्यांचं मुख्य आकर्षण आहे त्यांनी जून ते ऑगस्टच निवडावा. ऑक्टोबरमध्ये पाण्याच्या कित्येक वाटा आटलेल्या असतात आणि 'मोकोरो समाविष्ट' असं छापलेलं असूनही होडी मिळत नाही.

प्रश्न : मुलगी १३ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा. पाण्यातले कोणकोणते साहसी प्रकार दोघांना करता येतील? पैसे भरल्यावर 'वय बसत नाही' असं ऐकायचं नाही.

तुमची भीती रास्त आहे. वयाच्या अटी बहुतेक वेळा बारीक अक्षरांत असतात आणि त्या पासपोर्टवरून तपासतात.

झांबेझीवरचं राफ्टिंग धबधब्याच्या खालच्या बातोका घळीत होतं. प्रवाह चौथ्या-पाचव्या श्रेणीचे असतात. तराफा उलटणं हा तिथे अपघात समजत नाहीत, तो नेहमीचा भाग आहे. किमान वय साधारण १५, त्यामुळे दोन्ही मुलं बाद. मोठ्यांपैकी कोणी जाणार असेल तर लक्षात ठेवा : ऑगस्ट ते डिसेंबर पाणी कमी असतं तेव्हा पूर्ण पल्ला मिळतो, पाणी वाढलं की खालचेच टप्पे आणि ऐन पुरात सगळंच बंद. नवव्या क्रमांकाचा प्रवाह इतका वाईट आहे की तराफा रिकामा सोडून माणसं काठाने चालत जातात. घळीत उतरणं आणि दिवसाच्या शेवटी वर चढणं, यातच बरेच जण थकतात. गुडघे दुखत असतील तर हा बेत सोडा.

१९०५ साली पुऱ्या झालेल्या पुलावरून १११ मीटरची बंजी उडी आहे. तिला साधारण १४ वर्षं आणि ४० किलो वजन लागतं. मुलगी एका वर्षाने हुकते.

धबधब्याच्या अगदी कडेवरचा डेव्हिल्स पूल झांबियाच्या बाजूने, लिव्हिंगस्टन बेटावरून आहे. साधारण ऑगस्टच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, आणि तोही त्या वर्षीच्या पाण्यावर अवलंबून. बारा वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत. मुलीला चालेल, पण तिला वाहत्या पाण्यात पोहता येत असेल तरच. बेटाजवळच्या प्रवाहातून थोडं पोहून जावं लागतं. मे महिन्यात हे बंद असतं, तेव्हा 'मे स्पेशल'मध्ये त्याचा फोटो दिसला तर एजंटला विचारा.

सातच्या मुलासाठी दोन गोष्टी निर्धास्त आहेत. एक, धबधब्याच्या वरच्या शांत पाण्यातली संध्याकाळची बोटफेरी. दुसरी, चोबे नदीवरची बोट. मोकोरोचं वय मात्र ज्या-त्या कॅम्पवर अवलंबून असतं. काही ठिकाणी सहा-सात वर्षांच्या मुलांना घेतात, काही ठिकाणी बारापर्यंत नाहीच. होडी फायबरग्लासची असली तर नाक मुरडू नका. जुनी झाडं वाचावीत म्हणून लाकडी होड्यांची जागा त्यांनी घेतली आहे. सात वर्षांच्या मुलाला दीड तास हलायचं नाही हे जमणार का, एवढा एकच प्रश्न घरी प्रामाणिकपणे विचारा. होडीची कड पाण्यापासून वीतभरच वर असते.

बुकिंग करताना प्रत्येक प्रकारासाठी चार गोष्टी लेखी घ्या : किमान वय, किमान वजन, लहान मापाचं लाइफ जॅकेट आहे का, आणि पाण्याच्या पातळीमुळे रद्द झालं तर पैसे परत मिळतात का. शेवटची अट सगळ्यांत जास्त विसरली जाते.

प्रश्न : चोबे नदीत पाणघोडे आणि मगरी असतात म्हणे. लहान मुलांना बोटीत बसवणं सुरक्षित आहे का? आणि लॉजसमोरच्या नदीत पाय बुडवले तर चालेल का?

बोटीत बसवणं, हो. पाय बुडवणं, नाही. अजिबात नाही.

दुपारी तीनच्या सुमारास निघून सूर्यास्तापर्यंत चालणारी सुमारे तीन तासांची फेरी घ्या. त्या वेळी हत्ती पाण्यावर येतात. सेदुदू बेटाकडे जाणारे कळप सोंड वर धरून पोहताना दिसतात, पिल्लं मोठ्यांच्या मधे असतात. या बेटावरून बोत्स्वाना आणि नामिबिया यांच्यात वाद होता. १९९९ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते बोत्स्वानाला दिलं.

दुमजली मोठी बोट स्वस्त असते आणि तिच्यात स्वच्छतागृह असतं. आठ-दहा जणांची छोटी बोट काठाच्या जवळ जाते, फोटो पाण्याच्या पातळीवरून मिळतात, पण तिच्यात स्वच्छतागृह नसतं. पाच-सहा वर्षांचं मूल बरोबर असेल तर यावरूनच निवड करा. मुलांना बोटीच्या मध्यभागी बसवा, हात काठाबाहेर नकोत, टोपीला दोरी हवी. पाण्यावरून परावर्तित होणारं ऊन हनुवटीखाली आणि कानांमागे लागतं, तिथे क्रीम लावायचं राहतं.

पाणघोड्याचा धोका त्याच्या आणि खोल पाण्याच्या मधे सापडण्याचा असतो. भ्यायलेला पाणघोडा खोल पाण्याकडेच धावतो. म्हणून छोट्या कॅनोतला अनुभवी गाइड उथळ काठ धरून चालतो आणि वल्ह्याने होडीवर ठोकून आपण आल्याची वर्दी देतो. जमिनीवर हाच नियम : रात्री तो चरायला बाहेर येतो, लॉजच्या हिरवळीवरसुद्धा. अंधार पडल्यावर तंबूपासून जेवणघरापर्यंत पहारेकऱ्याशिवाय जाऊ नका, मूल कितीही भुकेलं असो.

मगरीखेरीज पाण्यात आणखी एक न दिसणारी गोष्ट असते, बिल्हार्झिया हा परजीवी आजार. संथ, गवताळ काठांवरच्या गोगलगायींतून याच्या सूक्ष्म अळ्या पाण्यात येतात आणि त्वचेतून शरीरात शिरतात. लगेच काही जाणवत नाही. चुकून असं पाणी अंगाला बराच वेळ लागलं असेल तर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करून घ्या. त्याआधी केलेली तपासणी बऱ्याचदा फसवी ठरते. उपचार सोपा आहे. पोहायचं असेल तर लॉजचा क्लोरीन घातलेला तलाव.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलाला घेऊन मलेरियाच्या भागात जावं का?

डॉक्टरांचा सल्ला सोयीचा वाटला नाही तरी तोच शेवटचा. विचारायला जाताना हाताशी असाव्यात अशा गोष्टी सांगतो.

चोबे, ओकावांगो आणि धबधब्याचा परिसर हा मलेरियाचा भाग आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात धोका कमी आणि हंगामी असतो, साधारण सप्टेंबर ते मे. जून-जुलैत सगळीकडेच डास कमी असतात, पण नाहीत असं नाही.

मुलांसाठी सहसा अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल हे मलेरिया टाळण्याचं औषध सुचवतात. ते निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून रोज घ्यायचं आणि त्या भागातून बाहेर पडल्यावर सात दिवस चालू ठेवायचं. मात्रा वजनावर ठरते. ११ ते २० किलोच्या मुलाला मुलांची एक गोळी, म्हणजे मोठ्यांच्या गोळीचा चौथा भाग. दुधाबरोबर किंवा थोड्या स्निग्ध खाण्याबरोबर दिली तरच ती नीट शोषली जाते. तासाभरात उलटी झाली तर पुन्हा द्यावी लागते, म्हणून दोन-तीन जास्तीच्या ठेवा. डॉक्सिसायक्लिन आठ वर्षांखाली देत नाहीत, आणि मोठ्यांनी घेतलं तर ऊन जास्त बाधतं, हे बोटीवर लगेच कळतं. मेफ्लोक्विन दोन-तीन आठवडे आधी सुरू करावं लागतं, त्यामुळे आयत्या वेळी त्याचा उपयोग नाही.

सर्वांत मोठी चूक परत आल्यावर होते. 'आता घरी आलो' म्हणून उरलेल्या सात दिवसांच्या गोळ्या तशाच राहतात. आणि पुढच्या वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना या प्रवासाविषयी पहिल्याच वाक्यात सांगा.

एवढं सगळं नको असेल तर मलेरियामुक्त पर्याय आहेत : जोहान्सबर्गहून अडीच-तीन तासांवरचं पिलानेसबर्ग, बोत्स्वानाच्या सीमेलगतचं मादिक्वे, पूर्व केपमधलं हत्तींसाठी प्रसिद्ध अड्डो. पाच वर्षांच्या मुलासाठी आम्ही पिलानेसबर्गच निवडू. विझलेल्या ज्वालामुखीच्या वर्तुळात ते आहे, अंतरं छोटी आहेत आणि मान्क्वे धरणाच्या काठी लपणातून बसल्या जागी जनावरं दिसतात.

प्रश्न : क्रूगरमध्ये स्वतः गाडी चालवून फिरता येतं का? की जीप सफारीच घ्यावी?

येतं, आणि लहान मुलं असतील तर तेच बरं. उद्यानाच्या सामूहिक सफारींत सहा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत, पायी फेरीला बारा वर्षांची अट आहे. स्वतःच्या गाडीला वयाची अट नाही, आणि मूल कंटाळलं तर परत फिरता येतं. वाहनं डाव्या बाजूनेच चालतात. मुख्य रस्ते डांबरी आहेत, साधी गाडी पुरते, पण शक्यतो उंच बैठकीची घ्या. हिवाळा संपत आला तरी गवतात बसलेला सिंह सेडानमधून दिसत नाही.

वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४० किलोमीटर. पण हिशेब करताना ताशी २५ धरा. स्कुकुझा ते सतारा या दोन कॅम्पांमधलं अंतर साधारण ९० किलोमीटर, नकाशात दोन तास दिसतात, प्रत्यक्षात थांबत-थांबत चार लागतात. कॅम्पची दारं सूर्यास्ताच्या सुमारास बंद होतात, हिवाळ्यात साडेपाचलाच. उशीर झाला तर दंड होतो. बहुतेक जण शेवटच्या अर्ध्या तासात अचानक बिबट्या दिसल्यामुळेच अडकतात, म्हणून परतीची वेळ अर्धा तास अलीकडे ओढा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सारा उभा पसारा पालथा घालायची गरज नाही. स्कुकुझा आणि लोअर साबी या दोनच कॅम्पांत चार रात्री काढा. दोन्हींच्या मधला साबी नदीकाठचा रस्ता सुमारे ४५ किलोमीटरचा आहे, आणि लोअर साबीच्या दाराशीच सनसेट डॅम आहे. तिथे गाडी बंद करून तासभर बसलात तर पाणघोडे, मगरी आणि बगळे मुलांना वर्गात शिकवल्यासारखे दिसतात. कॅम्पच्या घरांत स्वयंपाकाची सोय असते. व्हरांड्यातल्या फ्रीजची कडी नीट लावा, माकडं ती सफाईने उघडतात.

गाडीतून उतरायचं नाही, खिडकीतून किंवा छतातून अर्धं अंग बाहेर काढायचं नाही. हत्ती दिसला की दूरच थांबा. नराच्या कानशिलावरून ओघळ वाहत असतील तर तो माजावर आहे, सरळ मागे फिरा. आई आणि पिल्लू रस्त्याच्या दोन बाजूंना असतील तर मधून कधीही गाडी घालू नका. मागच्या गाडीने रस्ता अडवला असेल तर आधी तिला मागे घ्यायची खूण करा. हत्तीशी झालेल्या बहुतेक गडबडींत गाडीला मागे जायला जागाच नव्हती असं दिसतं.

प्रश्न : मी एकटी दोन मुलांना घेऊन जाणार आहे, नवरा येऊ शकत नाही. काय कागदपत्रं लागतील?

मुलांच्या जन्मदाखल्यावर आई-वडील दोघांची नावं हवीत, दाखला इंग्रजीत हवा आणि प्रमाणित प्रत जवळ हवी. बोत्स्वानात मुलांसाठी हा दाखला मागतात. पतीचं संमतीचं प्रतिज्ञापत्र, त्यावर प्रवासाच्या तारखा आणि देशांची नावं, आणि त्यांच्या पासपोर्टची प्रत. दाखल्यावरचं तुमचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव वेगळं असेल तर विवाहाचा दाखलाही घ्या.

व्हिसात नेहमी अडचण होते ती प्रवेशांच्या संख्येची. जोहान्सबर्गला उतरून धबधब्याला गेलात आणि जोहान्सबर्गवरूनच परत निघणार असाल, तर मधे दोन दिवस तिथे राहण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत दुसऱ्यांदा प्रवेश करावा लागतो. झिंबाब्वेतून चोबेला एका दिवसासाठी गेलात तरी परत येताना तो नवा प्रवेश. काझा युनिव्हिसा हा ५० अमेरिकी डॉलरचा, ३० दिवसांचा व्हिसा झिंबाब्वे आणि झांबिया दोन्हींना चालतो आणि काझुंगुला या सीमानाक्यावाटे बोत्स्वानाची एका दिवसाची फेरी त्यात बसते. रात्री मुक्काम केलात तर बसत नाही. तुमच्या पासपोर्टला तो लागू आहे का, हे तिकिटं काढण्याआधी त्या देशांच्या यादीत पाहा.

विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल तर तिथला थांबा १२ तासांपेक्षा कमी ठेवा. त्याहून जास्त झाला तर दक्षिण आफ्रिका पीतज्वराच्या लशीचा दाखला मागते, आणि तो लस घेतल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य धरतात.

प्रश्न : कपडे आणि सामान?

ओकावांगोच्या छोट्या विमानांत माणशी १५ ते २० किलो, हातातलं सामान धरून, आणि तेही चाकं नसलेल्या मऊ पिशवीत. कडक बॅग त्या विमानाच्या पोटात शिरत नाही. लष्करी ठिपक्यांचे कपडे झिंबाब्वे, झांबिया आणि बोत्स्वानात नागरिकांना वर्ज्य आहेत. मुलांच्या टी-शर्ट आणि टोप्या आधी तपासा. जून-जुलैत पहाटे उघड्या जीपमध्ये वारा झोंबतो, कानटोपी आणि हातमोजे हवेतच.

प्रश्न : बारा दिवसांत केप टाउन, क्रूगर, धबधबा, ओकावांगो आणि नामिबिया बसवता येईल का? मुलाला शार्क पाहायचा आहे.

नाही. तीनच ठिकाणं घ्या. चार रात्री क्रूगर, तीन धबधबा, तीन चोबेलगतचं कासाने, उरलेले दिवस विमानांना जातात.

केप टाउनचा पाऊस हिवाळ्यात, जून ते ऑगस्ट, पडतो, म्हणजे क्रूगर कोरडं असतं नेमकं तेव्हा. दोन्ही एकत्र करायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबर. शार्कसाठी केप टाउनच्या पुढच्या गांसबाई या किनाऱ्यावरच्या गावी पिंजऱ्याच्या बोटी आहेत, पण २०१७ पासून किलर व्हेलच्या हल्ल्यांमुळे मोठे पांढरे शार्क तिथून बरेच हटले आहेत, आणि आता बहुधा तांबूस रंगाचे ब्राँझ व्हेलर दिसतात. मुलाला हे आधीच सांगा. जाताना वाटेत हर्मानसला थांबलात तर जून ते नोव्हेंबरमध्ये सदर्न राइट देवमासे किनाऱ्यावरच्या कड्यावरूनच दिसतात. बोट नाही, मळमळ नाही, तिकीटही नाही.